टेंपलसाठी नावं

दुक्म
शुक्रवार, १ जून २०१८

साई,

वादळात बाबा ठीक आहेत का, असं तू आईला मेलमध्ये विचारलंस. मी ठीक आहे. वादळ सलालाच्या बाजूला गेलं. इथे नुसता वारा सुटला होता, क्रेनचे बूम खाली घेऊन ठेवले होते, काम बंद होतं. आता सुरू झालं. एवढंच कळवायचं होतं.

आई म्हणाली, फोन करून चालणार नाही, तुम्हाला तुमच्या चर्चची परवानगी नसते. वर्षातून दोनदाच घरी बोलायचं, एकदा ख्रिसमसला आणि एकदा मदर्स डे की काय असतो त्याला. तो मे महिन्यात होऊन गेला. मी तेव्हा मस्कतला, दार्सैतच्या घरी नव्हतो. सुट्टी मिळत होती, घेतली नाही. आईने तुला काम होतं असं सांगितलं असेल.

म्हणून हे लिहितो आहे. मोबाईलवर मराठी टाइप करणं मला जमत नाही. कागदावर लिहिलं आहे, माझ्या खोलीतला जहूर त्याचा फोटो काढून तुझ्या मेलवर पाठवेल. इंग्रजीत तुला सोपं गेलं असतं, पण इंग्रजीत मी फक्त कामाचे रिपोर्ट लिहितो. तुला आईने ओट्याशी बसवून मराठी शिकवलं ते कुठेतरी उपयोगाला येऊ दे. सावकाश वाच. सोमवारी तुम्हाला मोकळा वेळ असतो म्हणे.

गेल्या जुलैमध्ये हॉलमध्ये उभं राहून तू जे सांगितलंस आणि त्यावर मी जे बोललो, त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. मी ते परत घेतलेलं नाही, एवढं लक्षात असू दे.

आईने तुझा फोटो पाठवला. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पट्टी आणि तिच्यावर 'एल्डर गुरव'. जहूरने विचारलं, एल्डर म्हणजे काय. मी म्हटलं, वडीलधारा.

"किती वयाचा आहे?"

"बावीस."

तो बराच वेळ हसत होता.

शर्टाची कॉलर तुला सैल होते आहे.

बाबा


दुक्म
शुक्रवार, २९ जून २०१८

साई,

तुझं उत्तर मिळालं. 'मी आनंद आहे, जेवण बरा आहे' असं लिहिलं आहेस. मी आनंदात आहे, जेवण बरं आहे, असं लिहायचं. बाकी अक्षरं बरोबर होती.

तुला चर्चने प्रचाराला राजमहेंद्रीला टाकलं आहे हे मला तुझ्याकडूनच कळलं. आईने सांगितलं असेल, पण मी तेव्हा ऐकत नसे. तू लिहिलंस की दिवसभर पायी फिरता, लोकांनी वेळ दिलेली असते, पण तुम्ही गेलात की दार उघडत नाहीत, आणि आतून टीव्हीचा आवाज येत असतो. मग तुम्ही काय करता? परत एकदा दार वाजवता की तसेच निघता? हे तू लिहिलं नाहीस.

तुमचा दोघांनी कायम बरोबर राहायचा नियम मला पटला. माणूस एकटा नसावा. इथे कॅम्पात खूप माणसं आहेत, मेसमध्ये ताट घेऊन बसायला जागा मिळत नाही, पण बोलायला मला एक जहूरच. तो दाभोळकडचा, मी राजापूरकडचा, त्यामुळे बोलणं जुळतं. बाकी माझं काम रिगिंगचं, ते तुला माहीत आहे. क्रेनवाला वर बसलेला, मी खाली. आवाज पोचत नाही म्हणून सगळं हातांनी. उचल, थांब, हळू, खाली. संध्याकाळी खोलीत आलो की पुष्कळदा लक्षात येतं, दिवसात तोंडाने बोललो ते फक्त काम सुरू करताना 'यल्ला' आणि संपल्यावर 'खलास'.

जहूर विचारत होता, तुझा मुलगा ख्रिश्चन झाला म्हणजे नक्की कुठला. मी म्हटलं मॉर्मन, वेगळे असतात, दारू नाही, सिगरेट नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. तो म्हणाला, "भिकूभाय, हे तर आमच्याहून कडक. आम्हाला चहा तरी आहे." मग त्याने दोन कप चहा केला आणि तुझ्या वाटचाही आपणच पिऊ म्हणाला.

मस्कतला आता उन्हाने चामडी सोलून निघते आहे, पूर्वाची शाळा सुटली की आई तिला टॅक्सीने आणते. इथे मात्र समुद्रावरून धुकं येतं. सकाळी क्रेनचं वरचं टोक दिसत नाही. धुकं उठेपर्यंत आम्ही नुसते उभे असतो. अशा वेळी मला मस्कतच्या अझैबातले दिवस आठवतात. मी नवीन आलो होतो, तू झालाही नव्हतास. फोनचं कार्ड घ्यायचं आणि बूथबाहेर रांगेत उभं राहायचं. आपल्या वाडीत एकच फोन, दुकानात. दुकानदार कोणाला तरी आईकडे पिटाळायचा. ती शेतातून धावत यायची, त्यामुळे फोन उचलला की आधी तिची धापच ऐकू यायची. ती दम घेईपर्यंत कार्ड संपलेलं असायचं. पुष्कळ वेळा मी तिच्याशी असाच बोललो.

तुम्हाला वर्षातून दोनदा का होईना, धड बोलायला मिळतं.

बाबा


दुक्म
शुक्रवार, २७ जुलै २०१८

चि. साई,

तुझा मेल मी परत परत वाचला. 'बाबा, मला आपल्या घरातल्या जुन्या माणसांची नावं हवी आहेत. आजोबा, पणजोबा, त्यांच्या बायका. टेंपलसाठी.'

टेंपलसाठी. मी जहूरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बघ, रक्त कुठे जातंय?"

गुरवाच्या घरात जन्मून तू आपलं देऊळ किती वेळा पाहिलंस? शाळेच्या सुट्टीत गेलो की तुम्ही दोघं भावंडं डास चावतात म्हणून कुरकुर करायचात. महादेवाची पिंडी, तिच्यावरचं गळतं पात्र, सभामंडपातले लाकडी खांब, हे तुला आठवत असेल असं मला वाटत नव्हतं. मी जास्त काही लिहीत नाही. नावं पाठवतो.

माझे वडील सखाराम. आई सत्यभामा, तिला भामा म्हणत. वडिलांचे वडील भागोजी. त्यांचे वडील धाकू. इथपर्यंत मला पाठ आहे. पण भागोजींची बायको, म्हणजे माझी आजी, तिचं नाव मला येईना. आम्ही सगळे तिला माय म्हणायचो. म्हणून तुझ्या मोठ्या काकांना, दादाला, फोन लावला.

"मायचं नाव काय होतं?"

"माय," दादा म्हणाला.

"ते नाय रे, खरं नाव."

देवाच्या सेवेत जन्म गेला त्याचा, गावातल्या प्रत्येक घराचं कूळ-मूळ सांगतो, आणि आपल्याच आजीचं नाव येईना. "कशाला हवंय तुला?" त्याने विचारलं.

"साई विचारतोय. देवळासाठी हवंय म्हणतो."

"साई विचारतोय?" असं त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, थांब, गंगुबाईकडे जाऊन येतो.

दादाला तुझं काही माहीत नाही. तू बंगलोरला नोकरीला आहेस, असंच मी त्याला सांगितलेलं आहे.

गंगुबाई वाडीतली सगळ्यात म्हातारी. तिने मायला पाहिलं आहे, मायकडून ऐकलं आहे. तिने सांगितलं की सासरचं नाव लक्ष्मी आणि माहेरचं सोनू. लग्न होऊन आली तेव्हा परकर नेसण्याच्या वयाची होती. देवळात संध्याकाळी चौघडा वाजला की घाबरून रडायची, माजघरात लपायची. तर सासऱ्याने, म्हणजे धाकूने, काही दिवस संध्याकाळचा चौघडाच वाजवला नाही. गावकऱ्यांनी विचारलं तर म्हणाला, चामडं फाटलंय. मग एक दिवस तिला शेजारी बसवलं, टिपरी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, आता तूच वाजव.

ही गोष्ट दादालाही माहीत नव्हती. फोनवर सांगताना त्याचा आवाज बदलला. तू विचारलं नसतंस तर गंगुबाईबरोबर गेली असती.

तर नाव लिहून घे. सोनू.

बाबा


दुक्म
शुक्रवार, ३१ ऑगस्ट २०१८

चि. साई,

बकरी ईद झाली आणि जहूर गेला. त्याचा करार संपला, कंपनीने वाढवला नाही. तो स्वतः आनंदात होता. त्याची बायको अमीरुन्निसा म्हणते आहे की आता परत जायचं नाव काढाल तर मीच निघून जाईन. बसमध्ये बसताना मला म्हणाला, "भिकूभाय, तुझ्या पोराला लिहीत राहा. माझा ओवेस एवढ्या लांब नाही, माझ्याच घरात राहतो, पण मला कधी माझ्या बापाचं नाव विचारलं नाही त्याने."

हा फोटो मी मेसमधल्या एकाकडून काढून घेतला आहे.

जहूरच्या खाटेवर अजून कोणी आलं नाही. गादी गुंडाळून ठेवली आहे. त्याचा रेडिओ नाही म्हणून आता एसीचा आवाज फार येतो.

तू मेलमध्ये आभार मानलेस, त्याची गरज नव्हती. सोनूची गोष्ट तू तुझ्या जोडीदाराला सांगितलीस आणि त्याला आवडली, हे वाचून बरं वाटलं. त्या नावांचं नक्की काय करणार आहेस ते लिही. दादाने विचारलं आहे. सभामंडपाची फरशी बदलायची आहे, तिथे दगडावर नावं कोरायची असं तुझ्या मनात असेल तर तो पाथरवटाशी बोलेल. तो म्हणत होता, बायकांची नावं असलेला दगड आपल्या देवळात आजपर्यंत बसलेला नाही, बसू दे की.

तुझी आजी भामा, तिला तू पाहिलं आहेस, लहान होतास. ती रोज बेलाची पानं निवडून द्यायची, तीन दलांची, किडीचं एकही नाही. ती गेली तेव्हा मी इथे होतो. पासपोर्ट त्या वेळच्या मालकाच्या, अर्बाबाच्या तिजोरीत आणि अर्बाब फिरायला परदेशात. मी पोचलो तेव्हा घर सारवून झालं होतं. दादाने सगळं केलं होतं. मला करायला काहीच ठेवलं नव्हतं, तसं ठेवण्यासारखं काही नसतंच. मी देवळात जाऊन तिच्या जागेवर बसलो आणि बेल निवडला.

तिचं नाव त्या दगडावर असेल तर मला आवडेल.

बाबा


दार्सैत
शुक्रवार, १४ सप्टेंबर २०१८

साई,

गणपतीसाठी घरी आलो. काल आरतीला बिल्डिंगमधली मंडळी आली होती, त्यांच्यासमोर मी सांगितलं की साईने पूर्वजांची नावं मागवून घेतली आहेत, गावच्या देवळासाठी. सगळे चांगलं बोलले. मंडळी गेल्यावर पूर्वा म्हणाली, "बाबा, ते देऊळ नाहीये."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आपलं देऊळ नाही. त्यांचं टेंपल वेगळं असतं. तिथे ते, कसं सांगू, जे लोक गेलेत ना, त्यांच्या नावाने बाप्तिस्मा करतात. जिवंत माणूस पाण्यात जातो, पण नाव त्या गेलेल्या माणसाचं घेतात."

तिने मोबाईलवर काढून वाचून दाखवलं. मला इंग्रजी समजलं, तरी तिला परत वाचायला सांगितलं.

मी तुझ्या आईकडे पाहिलं. ती निरांजन पुसत होती. म्हणाली, "मला कळलं होतं. तुम्ही इतके खुशीत होतात, माझ्याच्याने सांगवेना."

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून.

माझी आई जन्मभर महादेवाला बेल निवडून देत आली. तिला मेल्यावर तू ख्रिश्चन करणार? आणि सोनूला? तिचं नाव आम्ही एका म्हातारीच्या तोंडून मिळवलं. दादा तिच्या ओसरीवर जाऊन बसला होता त्यासाठी. मी त्याला सांगितलं, देवळासाठी हवंय. आता त्याला काय सांगू?

तू स्वतः गेलास, ते तुझं वय होतं, तुझं डोकं होतं. मेलेल्यांना तरी सोडायचं होतंस.

मी दिलेली नावं परत घेतो आहे. ती कशी परत घेतात ते मला माहीत नाही.

मला लिहू नकोस.

भिकाजी सखाराम गुरव


दुक्म
शुक्रवार, ३० नोव्हेंबर २०१८

साई,

तुझे मेल येत होते. मी उघडत नव्हतो. परवा उघडले, सगळे एकदम वाचले.

हा फोटो मी स्वतः काढला आहे. तिरका आला असेल तर मान वाकडी करून वाच.

का उघडले ते आधी सांगतो. दादाचा फोन आला. पुढच्या महाशिवरात्रीला देवळातली पूजेची पाळी आपल्या घराकडे आहे. दादाचे गुडघे गेले आहेत. गाभाऱ्यात वाकून बसता येत नाही, विहिरीचं पाणी काढता येत नाही. त्याला मूलबाळ नाही हे तू जाणतोस. तो म्हणाला, "साईला पाठव. नावं विचारतो म्हणजे ओढ आहे. मी बाजूला बसून सांगेन, तो करेल."

मी जेवणाच्या सुट्टीत होतो. हेल्मेट काढून कंटेनरच्या सावलीला बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. तू काय झाला आहेस, कुठे आहेस, नावं कशाला हवी होती. मला वाटलं फोन कट झाला.

"दादा?"

"आहे."

"नावं आपल्या देवळासाठी नव्हती."

"कळलं." मग म्हणाला, "पाथरवटाला मी आणा दिला नाय अजून, बरं झालं." आणि नंतर म्हणाला, "कौल लावून बघू का? देवच सांगेल, नावं द्यायची की नाय."

आपल्या घराण्याने आजवर गावाला कौल लावून दिला. कोणाची म्हैस हरवली, कोणाच्या मुलीचं जमत नाही, लोक दादाकडे येतात, तो पिंडीला तांदूळ लावतो आणि उजवा पडला की डावा ते सांगतो. तसं तो तुझ्यासाठी करायला तयार होता. मी नको म्हटलं. म्हटलं, हे आपल्या घरातलं आहे, देवाला मध्ये घालायला नको.

शिफ्ट सुटल्यावर खोलीत आलो. समोरची खाट अजून तशीच रिकामी. वादळ ऑक्टोबरमध्ये परत एकदा येऊन गेलं, तेव्हा कॅम्प रिकामा करतील म्हणून आम्ही बॅगा भरून बसलो होतो. तेव्हा मला वाटलं होतं की तू आईला विचारशील, बाबा ठीक आहेत का. तू विचारलं होतंस. ते मी परवा वाचलं.

बाकीचेही वाचले. तू लिहिलं आहेस की तू नावं अजून कुठेच पाठवलेली नाहीत. शंभर-एकशे दहा वर्षांच्या आत जन्मलेल्या माणसासाठी सगळ्यात जवळच्या जिवंत नातेवाइकाची परवानगी लागते, असा तुमच्यात नियम आहे. म्हणजे आईसाठी दादाची किंवा माझी. सोनू त्याच्याही आधीची असणार, तिच्यासाठी विचारायची गरज नाही, पण तिच्यासाठीही तू विचारतो आहेस. 'मी मराठीत नीट सांगायला पाहिजे होतं. मला टेंपलसाठी दुसरा शब्द माहीत नव्हता. तुम्हाला देऊळ वाटेल हे मला सुचलं नाही, बाबा.'

हे मला खरं वाटतं. तुझं मराठी तेवढंच आहे.

आणखी एका मेलमध्ये तू लिहिलं आहेस की पाण्यात उतरवलं म्हणजे ते ख्रिश्चन झाले असं नाही, त्यांना तिकडे विचारलं जातं, हवं असेल तर ते हो म्हणतात, नाही तर नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर नंतर सगळ्यांनी एकत्र असावं म्हणून. 'मला तुम्ही पण पाहिजे आणि आई पण आणि भामाआजी पण.'

उत्तर लगेच देता येत नाही. विचार करतो आहे.

बाबा


दुक्म
शुक्रवार, २१ डिसेंबर २०१८

चि. साई,

माझं उत्तर नाही असं आहे.

रागाने लिहीत नाही. राग आता उरलेला नाही, म्हणून तर इतके दिवस थांबलो. कारण सांगतो ते ऐक.

मी इथे यायला निघालो तेव्हा आई एसटीपर्यंत आली होती. तिने विचारलं, तिथे देऊळ आहे का. मी म्हटलं आहे, मस्कतमध्ये आहे, सगळे सांगतात. "मग ठीक," म्हणाली. म्हणजे मी कुठेही गेलो तरी तिच्या हिशेबाने एकाच छपराखाली होतो. ती गेली तेव्हा तिच्या तोंडात पाणी दादाने घातलं. खांदा दादाने दिला. तिच्याबाबतीत ठरवायचं असं माझ्या वाट्याला कधी काही आलं नाही. हे पहिलंच आलं आहे, आणि मला वाटतं की ती आहे तिथेच तिला राहू द्यावं. तिला तिथे कोणी विचारलं तर ती गोंधळेल. ती मला शोधत येईल आणि मी पुन्हा नसेन.

सोनूचंही नको. ती एकदा नाव बदलून परक्या घरी आली, तेवढं पुरे.

दादालाही विचारलं. तो म्हणाला, "तुला वाटतं तेच माझं."

आता दुसरं. मी नावं परत घेतो म्हणालो होतो, ते चुकीचं होतं. ती तुझीच आहेत. आपल्या पाच-पंचवीस घरांत कोणीच कधी विचारलं नाही की मायचं नाव काय होतं. मी नाही, दादा नाही, ज्यांनी रोज देवळाचा दिवा लावला त्यांच्यापैकी कोणी नाही. तू विचारलंस. कशासाठी विचारलंस ते मला पटत नाही, पण विचारलंस. तुझी आई गणपतीतच हे मला म्हणाली होती, मी तेव्हा ऐकलं नाही. तुझ्याकडे ठेव ती. पुढे तुला मुलं झाली तर सांग.

आणि तू ते एकत्र असण्याबद्दल लिहिलंस. मी लग्नानंतरची अर्धी वर्षं तुझ्या आईपासून लांब काढली आहेत. मेल्यावर काय होतं ते तुला शिकवलं असेल, मला माहीत नाही. जिवंतपणी एकत्र असणं मला फारसं साधलेलं नाही, एवढं खरं.

मंगळवारी ख्रिसमस आहे. मी सोमवारी इथून निघतो, सुट्टी मंजूर झाली आहे. फोन येईल तेव्हा मी दार्सैतला असेन. तुझी आई पहिली बोलेल, मग पूर्वा. मग मी बोलेन.

बाबा


दुक्म
शुक्रवार, २२ फेब्रुवारी २०१९

चि. साई यास आशीर्वाद.

आईचा फोन आला होता, तिला काय बोलू आणि काय नको असं झालं होतं. तुमच्या चर्चने नियम बदलला, आता दर आठवड्याला घरी फोन करता येईल. पूर्वा म्हणाली, जगातल्या सगळ्या एल्डरांच्या आया आज रडत असतील. तुझी आई तर रडतच होती.

ख्रिसमसच्या फोनबद्दल तू आईला विचारलंस की बाबा नाराज होते का, एवढं कमी का बोलले. नाराज नव्हतो. फोनवर तुझा आवाज मोठ्या माणसाचा आला. मी ज्याच्याशी भांडलो होतो त्याचा आवाज वेगळा होता. मी 'जेवलास का' विचारलं, तू 'हो बाबा' म्हणालास, आणि मग मला पुढचं काही सुचेना. तूही गप्प होतास. आई खुणावत होती, बोला ना. मला मात्र तू गप्प असलेलंही ऐकू येत होतं, तेवढं पुरलं.

आता इथलं सांगतो. महाशिवरात्रीच्या पाळीचं मी दादाला कळवलं की मी येतो. साईची वाट बघू नको, मीच करतो. कंपनीला रजेचा अर्ज दिला तेव्हा सुपरवायझर म्हणाला, कामाच्या ऐन घाईत? मी म्हटलं, घरचं काम आहे, दुसरं कोणी नाही. त्याने सही केली. गाभाऱ्यात मी शेवटचा बसलो तेव्हा तुझ्याएवढा होतो. मंत्र थोडे आठवतात, बाकीचे दादा बाजूला बसून सांगेल. विहिरीचं पाणी मला अजून काढता येईल. माझ्यानंतर कोण, असं दादाने विचारलं नाही. मीही काढलं नाही. पुढच्या पाळीपर्यंत गावाला कळेलच, मग बैठक बसेल, पाळी दुसऱ्या घराकडे द्यायची का ते ठरवतील. तेव्हा मी तिथे हजर असेन आणि काय झालं ते माझ्या तोंडाने सांगेन. तुला त्यात पडायचं कारण नाही.

दादा तुझ्याबद्दल काही बोलत नाही. मी तुझं नाव घेतलं की तो ऐकून घेतो, मग भाताचं, गुडघ्यांचं काढतो. मी त्याला नियम बदलल्याचं सांगितलं, आता साई दर सोमवारी फोन करू शकतो म्हणून. त्यावर त्याने 'हं' केलं. काल त्याचा परत फोन आला, रजा मंजूर झाली का विचारायला. झाली म्हटलं. ठेवताना म्हणाला, "शिवरात्र सोमवारीच आहे ना यंदा?"

"हो."

"देवळात रेंज नसते. पायऱ्यांवर येते, खालच्या दोन. त्याला सांगून ठेव, दुपारी नैवेद्य झाला की लोक जेवायला जातात, तेव्हा लाव म्हणावं. आपण दोघं तिथेच बसलेलो असू."

मी रविवारी मस्कतला जातो, तिथून मुंबई, पुढे गाव. गावात कागदाचा फोटो काढून पाठवणं जमेल की नाही सांगता येत नाही. सोमवारी, चार तारखेला, दुपारी फोन कर. मी उचलला नाही तर थांब, परत लाव. ओल्या हातांनी मला तो उचलायला वेळ लागेल.

बाबा